ऑफिसात आयपी फोन बसवताना: नेटवर्क आणि सुरक्षेचे शब्द, कामाच्या क्रमाने

उद्यमबागेतला कारखाना असो, शहापुरातली पतसंस्था असो की निपाणीतलं गोदाम, जुना ईपीएबीएक्स काढून नवी फोन यंत्रणा घ्यायची म्हटलं की कोटेशनमध्ये एकदम वीस-पंचवीस अनोळखी शब्द येऊन पडतात: सिप ट्रंक, व्हीलॅन, पीओई, नॅट, एसआरटीपी. हे शब्द पाठ करून काही हाती लागत नाही. एक कॉल टेबलावरच्या फोनपासून बाहेरच्या लाइनपर्यंत ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने आपणही गेलो की प्रत्येक शब्द आपापल्या जागी भेटतो. पुढे बिघाड झालाच तर तो कुठल्या टप्प्यावर शोधायचा हेही कळतं. ऑफिसचं कॉम्प्युटर नेटवर्क थोडंफार सांभाळणाऱ्या, पण फोनच्या कामात नव्या माणसासाठी हे लिहिलं आहे.

उदाहरणाला एक पतसंस्था धरू. मुख्य कार्यालय बेळगावात, तिथे २४ फोन. खानापूर आणि निपाणीला शाखा, प्रत्येकी ४ फोन.

आधी कागदावर मोजणी

फोन किती, हा पहिला प्रश्न नव्हेच. एका वेळी बाहेर किती जण बोलतात, हा आहे. २४ फोनच्या ऑफिसात ऐन गर्दीच्या तासाला साधारण ६ ते ८ बाहेरचे कॉल एकदम चालू असतात. जुन्या यंत्रणेत कॉलची नोंद निघत असेल तर महिन्याभराची काढून खरा आकडा बघा. नुसत्या अंदाजावर गेलात तर विकणारा तुमच्या गळ्यात दुप्पट चॅनल मारतो (एका वेळच्या एका बाहेरच्या कॉलची जागा म्हणजे एक चॅनल).

कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत. दोन ओळखीच्या असल्या की पुरे. जी-७११ मध्ये नुसता आवाज ६४ केबीपीएस घेतो. पण दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि प्रत्येकावर पत्त्यांचं ओझं असतं, म्हणून तारेवर एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस भरतात. जी-७२९ मध्ये नुसता आवाज ८, तारेवर सुमारे ३१. आठ कॉल जी-७११ वर चालले तर जाताना ७०० केबीपीएस आणि येताना तेवढेच. फायबर असलेल्या ऑफिसात हे चिल्लर आहे, तेव्हा बिनधास्त जी-७११ ठेवा. फॅक्स मशीन अजून वापरात असेल तर ते जी-७२९ वर चालणारच नाही. त्याला जी-७११ किंवा टी-३८, म्हणजे आयपीवरून फॅक्स पाठवण्याची खास पद्धत, लागतं.

मग १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही आवाज का तुटतो? कारण फोनला रुंदीपेक्षा वेळ महत्त्वाची. पॅकेट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी, ती एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत हवी. पॅकेटांमधलं अंतर कमीजास्त होणं म्हणजे जिटर, तो ३० च्या आत. हरवलेली पॅकेटं १ टक्क्याहून कमी. मोजायचं ते ऑफिस भरलेलं असताना. रविवारी रिकाम्या इमारतीत घेतलेल्या स्पीड टेस्टला काही अर्थ नाही.

टेबलाखालची तार आणि वीज

आयपी फोनला वीज नेटवर्कच्या तारेतूनच मिळते, त्याला पीओई म्हणतात. नेहमीचं मानक ८०२.३एएफ: स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, फोनपर्यंत १२.९५ पोचतात. साध्या फोनला त्यातले ३ ते ६.५ वॅट पुरतात. इथे फसगत होते ती स्विचच्या नावात. ‘२४ पोर्ट पीओई’ लिहिलेल्या काही स्विचमध्ये वीज निम्म्याच पोर्टांना असते, काहींत सगळ्यांना असते पण एकूण बजेट १२० वॅट. २४ फोन गुणिले ६.५ म्हणजे १५६ वॅट झाले. शेवटचे पाच-सहा फोन चालू होऊन बंद पडत राहिले तर फोन बदलत बसू नका, स्विचचं बजेट बघा. आणि गच्चीवरच्या इंटरनेट अँटेनासोबत येणारा २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई अडॅप्टर फोनला कधी लावू नका. तो समोर काय जोडलंय हे न विचारताच वीज सोडतो.

तार कॅट-६, शुद्ध तांब्याची. बाजारात स्वस्त मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. डेटा कसाबसा चालतो, पण पीओईची वीज वाहताना ती तापते आणि लांबवर व्होल्टेज पडतं. एका तारेची मर्यादा १०० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून. फाउंड्रीच्या लांब शेडमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते, शिवाय इंडक्शन फर्नेसच्या केबलशेजारून तांबं नेलं की पॅकेटं गळायला लागतात. तिथे फायबर टाका. दोन वेगळ्या इमारती जोडतानाही फायबरच. खानापूरकडच्या पावसाळ्यात वीज जवळपास पडली की इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून सर्ज येतो आणि दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. फायबरमधून तो येऊच शकत नाही.

यूपीएसचा हिशेब करताना एक डबी हमखास विसरते: फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला ओएनटी. स्विच, राउटर, फोन सर्व्हर (जुन्या ईपीएबीएक्सच्या जागी कॉल जोडून देणारा कॉम्प्युटर) सगळं यूपीएसवर आणि ओएनटीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मात्र साध्या सॉकेटमध्ये. हेस्कॉमची वीज गेली की फोनचे दिवे लागलेले दिसतात, आतले कॉल होतात, बाहेरचा एकही लागत नाही. वरच्या उदाहरणातला एकूण भार २०० ते २५० वॅट धरा आणि तुमच्याकडे वीज एका वेळी किती तास जाते त्यावरून बॅटरी ठरवा.

व्हीलॅन: आवाजाची वेगळी गल्ली

एकाच स्विचवर फोन आणि कॉम्प्युटर यांची दोन वेगळी नेटवर्कं करणं म्हणजे व्हीलॅन. कॉम्प्युटरना व्हीलॅन १०, पत्ते १९२.१६८.१०.० पासून. फोनना व्हीलॅन २०, पत्ते १९२.१६८.२०.० पासून. फायदे दोन. एखाद्या पीसीत व्हायरस शिरला तरी तो फोन सर्व्हरपर्यंत सरळ जाऊ शकत नाही. आणि सीसीटीव्ही किंवा प्रिंटरचा गोंगाट फोनच्या कानावर पडत नाही.

टेबलावर एकच तार असते, ती फोनला येते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टमधून पीसीला जाते. म्हणून स्विचचा तो पोर्ट असा ठेवायचा: व्हीलॅन १० अनटॅग्ड, व्हीलॅन २० टॅग्ड, म्हणजे पॅकेटवर व्हीलॅनचा आकडा लिहिलेला. ‘तू २० मध्ये जा’ हे फोनला सांगायचं काम एलएलडीपी-मेड करतं, ते स्विचवर चालू करावं लागतं. तपासणी सोपी आहे. फोनच्या मेनूत पत्ता बघा. १९२.१६८.२० ने सुरू होत असेल तर ठीक. १९२.१६८.१० दिसला तर एलएलडीपी बंद आहे, किंवा वाटेत कुणीतरी पोर्ट कमी पडले म्हणून आठशे रुपयांचा साधा स्विच खोचला आहे. दुसरं कारण आपल्याकडे जास्त.

शाखांचे पत्ते आजच वेगळे ठरवा. बेळगाव १९२.१६८.२०, खानापूर १९२.१६८.२१, निपाणी १९२.१६८.२२. सगळीकडे राउटरचा मूळचा १९२.१६८.१ तसाच राहू दिला, तर उद्या शाखा जोडताना कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं हे राउटरला कळणार नाही आणि सगळं परत लिहावं लागेल.

फोनला पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर ऑप्शन ६६ मधून आणखी एक गोष्ट सांगतो: तुझी सेटिंगची फाइल अमुक ठिकाणी आहे, ती उचल. याला प्रोव्हिजनिंग म्हणतात. २४ फोन हाताने भरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फक्त त्या फाइलमध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून ती एचटीटीपीएसवरून द्या आणि बाहेरच्या जगाला दिसू देऊ नका.

क्यूओएस, म्हणजे रांगेत पुढे

फोन आपल्या आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ हा शिक्का मारतो आणि स्विच त्याला आधी सोडतो. हे ऑफिसच्या आत चालतं. राउटरबाहेर साध्या ब्रॉडबँडवर तो शिक्का कुणी बघत नाही. तरी उपाय आहे. खरी गर्दी अपलोडच्या तोंडाशी होते, जेव्हा कुणी मोठी फाइल चढवत असतं किंवा सीसीटीव्हीचा बॅकअप चालू असतो. मोजून बघा अपलोड खरोखर किती मिळतो. समजा ४० एमबीपीएस. राउटरवर शेपिंग लावून ती मर्यादा ३६ करा, म्हणजे सुमारे नव्वद टक्के. आता रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे आवाजाला पुढे काढणं तुमच्या हातात असतं. ‘समोरच्याला आमचा आवाज तुटक येतो, आम्हाला त्यांचा चांगला येतो’ या तक्रारीवर पहिला इलाज हाच.

बाहेरची लाइन

तीन प्रकार भेटतात.

जुनी तांब्याची लाइन ठेवायची असेल तर गेटवे लागतो. त्याचे पोर्ट दोन जातींचे: एफएक्सएस डायल टोन देतो, त्याला साधा फोन किंवा फॅक्स जोडायचा. एफएक्सओ डायल टोन घेतो, त्याला एक्स्चेंजची लाइन जोडायची. उलट जोडलं तर पोर्ट जळू शकतो. इथली नेहमीची तक्रार: समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते. गेटवे बिझी टोन ऐकून लाइन सोडतो, पण कारखान्यातून तो बहुधा अमेरिकन टोनवर लावून आलेला असतो, ४८० आणि ६२० हर्ट्‌झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्‌झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. देशाच्या यादीत भारत निवडा, यादीत नसेल तर हे आकडे हाताने भरा. फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडी पाठवण्याची पद्धत एफएसकेवरून डीटीएमएफवर (बटणं दाबल्यावर येणारे सूर) करून बघा.

पीआरआय ही डिजिटल लाइन, एका तारेवर ३० कॉल. वेग २.०४८ एमबीपीएस, ३२ कप्पे, त्यातला एक ताळमेळाला आणि एक सूचनांना. टिकाऊ प्रकार, पण आठ कॉलच्या ऑफिसाला तीस चॅनलचं भाडं जड जातं.

सिप ट्रंक म्हणजे तेच काम आयपीवरून; सिप ही आयपीवर कॉल लावण्या-सोडण्याची भाषा. आपल्याकडे मोठे ऑपरेटर ती बहुतेकदा स्वतःच्या वेगळ्या फायबरवर देतात आणि पासवर्डऐवजी ठरलेल्या आयपी पत्त्यावरून ओळख पटवतात. म्हणजे फोन सर्व्हरला दोन पाय झाले: एक ऑपरेटरच्या तारेत, एक ऑफिसच्या नेटवर्कात. इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती जवळून बघण्यासारखी आहे. कॉल लावायच्या सूचना, म्हणजे सिग्नलिंग, एका पत्त्यावर जातात आणि आवाज, म्हणजे आरटीपी, ऑपरेटरच्या दुसऱ्याच पत्त्यांवर. बसवणारा फक्त सिग्नलिंगच्या पत्त्याचा रूट टाकतो. घंटी वाजते, फोन उचलला जातो, आणि दोन्हीकडे शांतता, किंवा समोरचा ऐकू येतो पण आपला आवाज पोचत नाही, कारण आपला आवाज डीफॉल्ट गेटवेने इंटरनेटकडे निघून गेला. ऑपरेटरकडून दोन्ही यादी लेखी घ्या आणि दोन्हींचे रूट टाका. डीफॉल्ट गेटवे मात्र सर्व्हरवर एकच. दोन टाकले की आज चालतं, उद्या चालत नाही, असा छळ सुरू होतो.

डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठल्या लाइनवरून पाठवायचा या नियमांत, सीमाभागापुरती एक गाठ आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो. पुण्या-मुंबईकडचे तयार नमुने सरळ असतात: ०२ आलं की एसटीडी, ०६ ते ०९ आलं की मोबाइल. तिकडे कोल्हापूर ०२३१ असल्याने ते जमतं. इकडे बेळगाव ०८३१, खानापूर ०८३३६, निपाणी ०८३३८, आणि मोबाइल नंबरही ८ ने सुरू होतात. दोन्ही मिळून ० धरून अकरा आकडीच. त्यामुळे मोबाइलचे कॉल एका ट्रंकवर आणि लँडलाइनचे दुसऱ्या ट्रंकवर पाठवायचे असतील तर ०८३१, ०८३३६ अशा कोडांनंतरचा आकडा काय येतो हेही नियमात लिहावं लागतं, आणि हा जास्त नेमका नियम ०८ च्या सरसकट नियमाच्या वर ठेवावा लागतो. ११२ मात्र बाहेरच्या लाइनचा आकडा न दाबताही लागला पाहिजे, आणि दाबूनही.

‘कन्नडसाठी एक, मराठीसाठी दोन’ सांगणारं आयव्हीआर बसवणार असाल तर रेकॉर्डिंग ८ किलोहर्ट्‌झ, मोनो, १६ बिट वेव्ह फाइलमध्ये द्या. मोबाइलवर केलेली फाइल तशीच चढवली की बहुतेक सर्व्हर ती वाजवत नाहीत. आणि ‘दोन दाबलं तरी काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर डीटीएमएफची पद्धत दोन्ही टोकांना एकच आहे का बघा. ती आरएफसी २८३३ वर ठेवावी.

राउटर: नॅट आणि त्याच्या तीन खोड्या

ऑफिसातले सगळे पत्ते राउटर एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकतो, ते नॅट. वेबसाइटला त्याने फरक पडत नाही. सिपला पडतो, कारण सिप आपला पत्ता पॅकेटच्या पोटात लिहून पाठवतो: ‘आवाज १९२.१६८.२०.१० वर पाठव.’ तो पत्ता बाहेरच्या जगात नाहीच, मग एकाच बाजूचा आवाज येतो. सर्व्हरच्या नॅट सेटिंगमध्ये बाहेरचा स्टॅटिक पत्ता आणि आतली नेटवर्कं कोणती, हे दोन्ही भरलं की हे सुटतं. राउटरमध्ये सिप एएलजी नावाचा पर्याय सापडेल. मदतीसाठी दिलेला आहे, पण करतो भलतंच. बंद करा.

किती वेळाने काय तुटतं, यावरून आजार ओळखता येतो. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर उचलल्याची पोच समोरच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. तो सिपच्या नियमाप्रमाणे ३२ सेकंद वाट बघतो आणि कॉल सोडून देतो. दोष नॅटच्या पत्त्यात किंवा एएलजीत. १५ किंवा ३० मिनिटांनी नेमका तुटत असेल तर सेशन टायमरचा घोळ, मधल्या तपासणीला उत्तर जात नाही. आणि फोन थोडा वेळ नुसता पडून राहिला की बाहेरचे कॉल येणं बंद होतं, पण एक कॉल लावला की परत चालू? राउटरने यूडीपीची वाट मिटवली. कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी राहावी म्हणून मधूनमधून जाणारं रिकामं पॅकेट, २० ते २५ सेकंदांवर ठेवा.

तालुक्याच्या गावात इंटरनेट देणाऱ्याने बहुतेकदा सीजी-नॅट लावलेलं असतं, म्हणजे तुमच्या राउटरलाही खरा पत्ता मिळत नाही. राउटरचा वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर हेच. शाखेत ते चालून जातं. मुख्य कार्यालयाला मात्र स्टॅटिक पत्ता पैसे देऊन घ्या.

दार कुठे उघडं राहतं

५०६० हा सिपचा नेहमीचा पोर्ट. तो इंटरनेटला उघडा ठेवला की जगभरचे स्कॅनर तो शोधतात, आणि त्याला फार वेळ लागत नाही. नोंदीत दिसतं ते असं: १००, १०१, १०२ अशा क्रमाने एक्स्टेन्शन आहेत का याची चाचपणी, मग सापडलेल्या एक्स्टेन्शनवर पासवर्डचा मारा. १०१ चा पासवर्ड १०१ किंवा १२३४ असेल तर काम झालंच. चोराला तुमचं बोलणं ऐकायचं नसतं. त्याला परदेशातल्या महागड्या नंबरांवर, ज्यांच्या दर मिनिटात त्याचा वाटा असतो, तुमच्या लाइनवरून शेकडो मिनिटं फिरवायची असतात. मुहूर्त बहुतेकदा शनिवारची रात्र किंवा जोडून आलेल्या सुट्ट्या. ऑपरेटरच्या लेखी कॉल तुमच्याच लाइनवरून गेलेले असतात, म्हणून बिलही तुमच्याच नावावर येतं.

म्हणून क्रम असा. सगळ्यात आधी राउटरवर ५०६० आणि आरटीपीचे पोर्ट पुढे पाठवणारे नियम काढा. सिप ट्रंक ऑपरेटरच्या वेगळ्या तारेवर असेल तर ट्रंकसाठी इंटरनेटकडून एकही पोर्ट उघडायची गरज नाही. ट्रंक इंटरनेटवरूनच येत असेल तर फायरवॉलमध्ये फक्त त्या ऑपरेटरच्या पत्त्यांना परवानगी. पोर्ट बदलून ५०६० चा दुसरा काही केला की नोंदीतला कचरा कमी होतो, पण त्याला सुरक्षा म्हणू नये.

मग पासवर्ड. प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, १६ अक्षरांचा, यंत्राने बनवलेला. फोन तो प्रोव्हिजनिंगमधून घेतो, कुणाला पाठ करायचा नाही. लॉगिनचं नाव एक्स्टेन्शनच्या आकड्याहून वेगळं. चुकीच्या एक्स्टेन्शनला आणि चुकीच्या पासवर्डला सर्व्हरने एकच उत्तर द्यावं असा पर्याय असतो, तो चालू करा, नाहीतर कुठलं एक्स्टेन्शन खरं हे उत्तरावरूनच कळतं. पाच चुका झाल्या की तो पत्ता तासभर बंद करणारं फेल-टू-बॅन लावा. फोनच्या स्वतःच्या वेब पानाचा ॲडमिन-ॲडमिन पासवर्डही बदलायचा, तो कायम राहून जातो.

तिसरं, बाहेर जाण्याचे हक्क. आयएसडी ऑपरेटरकडेच लेखी अर्ज देऊन बंद करा, आणि सर्व्हरवरही ०० ने सुरू होणारं काही जाऊ देऊ नका. परदेशी कॉलची खरंच गरज असेल तर एकाच एक्स्टेन्शनला, पिनसह, कामाच्या वेळेत आणि ठरावीक देशांपुरती. एका एक्स्टेन्शनवरून एका वेळी दोनच बाहेरचे कॉल. ऑपरेटर रोजची खर्चमर्यादा लावून देत असेल तर ती घ्याच. बाहेरून फोन करून आतला डायल टोन मिळवून देणारी डिसा ही सोय बंद. कर्मचाऱ्याच्या फोनवरून बाहेरच्या नंबरला फॉरवर्ड करणं बंद. व्हॉइसमेलचा पिन ०००० नको.

टीएलएस आणि एसआरटीपी हे जोडीने घ्यायचे शब्द. टीएलएस सिग्नलिंग झाकतं, पोर्ट ५०६१. एसआरटीपी आवाज झाकतं. पण एसआरटीपीची किल्ली बहुतेक यंत्रणांत सिग्नलिंगमधूनच जाते, त्यामुळे टीएलएसशिवाय एसआरटीपी लावणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवणं. टीएलएसला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला बरोबर घड्याळ. वीज जाऊन आल्यावर सगळे फोन एकदम ‘रजिस्टर होत नाही’ म्हणू लागले तर फोनवरची तारीख बघा. घड्याळ जुळवून देणारा एनटीपी सर्व्हर दिलेला नसेल तर घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात अडकलेलं असतं. प्रमाणपत्राची मुदत संपली तरी लक्षणं हीच, तेव्हा मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

कुणी ‘तुमच्या ऑफिसात आमचा सिम कार्डांचा डबा ठेवा, महिन्याला भाडं देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तो सिमबॉक्स असतो, परदेशी कॉल चोरून स्थानिक म्हणून उतरवणारा. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा देण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते जागा कुणाची हे विचारत.

शाखा आणि बाहेरचे लोक जोडणं

खानापूर-निपाणीचे फोन बेळगावच्या सर्व्हरला जोडायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा कुलूपबंद बोगदा. वायरगार्ड हा त्यातला प्रकार घेतलात तर मुख्य कार्यालयात एकच यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, नेहमीचा ५१८२०, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅनरला तिथे काही आहे हेही कळत नाही. शाखा सीजी-नॅटमागे असली तरी हरकत नाही, कारण बोलणं शाखेकडून सुरू होतं. शाखेच्या बाजूला कीप-अलाइव्ह २५ सेकंद ठेवा. व्हीपीएनच्या ओझ्याने जी-७११ चा कॉल ११० ते ११५ केबीपीएसपर्यंत जातो, चार कॉलना अर्धा एमबीपीएस. शाखेतला संपर्क ४-जी राउटरवर असेल तर तिथेच जी-७२९ चा विचार करा, बाकी ठिकाणी नको.

वसुलीला फिरणाऱ्यांच्या मोबाइलवर सॉफ्टफोन ॲप द्यायचं असेल तेव्हाही आधी व्हीपीएन, मग ॲप. नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याची व्हीपीएन किल्ली आणि एक्स्टेन्शन दोन्ही काढायचं. ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका: मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या डेस्कटॉप ॲपच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक कोड घुसवला गेला होता. सर्व्हर आणि ॲपच्या सुरक्षा सूचना कुणीतरी वाचत असावं लागतं.

नोंदी

कॉलची नोंद म्हणजे सीडीआर. ती रोज सकाळी दोन मिनिटं चाळली तरी पुरतं: रात्री आठ ते सकाळी आठ बाहेर गेलेले कॉल, आणि तासाहून लांब कॉल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची असतात. सर्व्हरमध्ये नोंदी मुळात सात किंवा तीस दिवसांनी पुसल्या जातात, तो आकडा बदला. सेटिंगचा बॅकअप सर्व्हरवरच ठेवला तर तो बॅकअप नव्हे.

फसवणूक चालू असल्याचं दिसलं तर आधी ट्रंक बंद करा, सरळ तार काढली तरी चालेल. मग ऑपरेटरला फोन, मग सगळे पासवर्ड बदल, आणि पैशांचं नुकसान असेल तर १९३० वर तक्रार. नोंदी पुसू नका आणि सर्व्हर नव्याने बसवायची घाई करू नका. ऑपरेटर आणि पोलीस दोघंही तेच मागतात.

ताबा घेण्याच्या दिवशी

शेवटचा हप्ता देण्याआधी बसवणाऱ्याला समोर उभं करून हे करून घ्या. ४० मिनिटांचा एक कॉल, म्हणजे ३२ सेकंद, १५ आणि ३० मिनिटं तिन्ही पार होतात. खानापूरहून निपाणीला आणि निपाणीहून बाहेरच्या मोबाइलला कॉल, दोन्हीकडचा आवाज ऐकून. एक फोन तासभर न हलवता ठेवून मग बाहेरून त्यावर कॉल. मोबाइल डेटावरून, म्हणजे ऑफिसच्या बाहेरून, तुमच्या स्टॅटिक पत्त्यावर सर्व्हरचं वेब पान उघडतं का, उघडू नये. ०० लावून एक परदेशी नंबर, तो लागू नये. मग मेन स्विच खाली करा आणि यूपीएसवर बाहेरचा कॉल लावा. लागला नाही तर ओएनटीचा अडॅप्टर कुठे खोचलाय ते बघा. ॲडमिनचे सगळे पासवर्ड, ऑपरेटरच्या पत्त्यांची यादी आणि स्विचच्या पोर्टांचा तक्ता बंद पाकिटात घ्या, आणि बसवणारा दाराबाहेर पडला की त्यातले पासवर्ड बदला.